कंदिलाला वळसा

सेंट लुइसमध्ये नवा माणूस भेटला की लोक त्याला पहिला प्रश्न विचारतात, "हायस्कूल कुठलं?" कामधंदा काय, चर्च कुठलं, लग्न झालंय का, हे सगळं नंतर. हायस्कूल कळलं की माणूस कुठल्या भागातला, कुणाचा कोण आणि त्याच्या शब्दावर किती विसंबायचं, हे इथल्या माणसाला आपोआप कळतं. मी या प्रश्नाचं उत्तर आजवर कधी हळू आवाजात दिलेलं नाही. "टॅलमन," असं म्हणतो, आणि छाती थोडी पुढे येते ती येतेच. बायको म्हणते, पोटही येतं.

टॅलमन हायस्कूल शहराच्या उत्तर भागात टेकाडावर उभं आहे. लाल विटांचं, रुंद पायऱ्यांचं. ज्या काळात आमच्या काळ्या पोरांना शहरातली दुसरी कुठलीही मोठी शाळा दारात उभी करत नव्हती, त्या काळात आमच्या खापरपणज्यांनी भांडून मिळवलेली ही शाळा. इथून न्यायाधीश निघाले, दाया निघाल्या, ट्रक चालवणारे निघाले. एक सिनेटरही निघाला, पण त्याच्याविषयी आम्ही फारसं बोलत नाही.

शाळेच्या दर्शनी दालनात, फरशीच्या मधोमध, पितळेचा एक कंदील बसवलेला आहे. चांगला गाडीच्या चाकाएवढा. शिकणाऱ्या पोराने त्यावर पाय ठेवायचा नाही, वळसा घालून जायचं. पाय पडलाच तर हातात दात घासायचा ब्रश मिळतो, आणि कंदील चकचकीत होईपर्यंत गुडघ्यांवर बसून घासावा लागतो. शेवटच्या वर्षी, डिप्लोमा मिळतो त्या दिवशी, पोरं एकामागून एक त्या कंदिलावर पाय देऊन पुढच्या पायऱ्या उतरतात. म्हणून आमच्याकडे पोरगं पास झालं असं कुणी म्हणत नाही, कंदील ओलांडला म्हणतात. एकदा ओलांडला की तो जन्मभर तुमचा. नव्वदीची म्हातारी माणसं वॉकर टेकत येतात आणि आडवाट करून मुद्दाम कंदिलावरून जातात. पलीकडच्या हॅलोवे हायस्कूलची पोरं सामन्यांत आम्हाला "तेल संपलं, तेल संपलं" म्हणून ओरडतात. ओरडू देत. त्यांच्या फरशीत काहीच नाही.

आमच्या शाळेचं स्वयंपाकघर मिस व्हर्लीन टॉलिव्हर यांच्या ताब्यात होतं. हाताखाली चार बायका होत्या, पण वाढायचा डाव त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. उंच, काटकुळ्या, डोक्याला केसांची जाळी, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा, आणि आवाज असा की तळघरातल्या बॉयलरनेही गप्प बसावं. मी टॅलमनमध्ये शिकत होतो तेव्हा त्या वाढायच्या खिडकीपलीकडे उभ्या होत्या. पुढे मी तिथेच मास्तर झालो, तीसेक वर्षं राज्यघटना शिकवून माझे केस पिकले, तरी त्या खिडकीपलीकडेच. शुक्रवारी तळलेला मासा, मक्याचा पाव आणि मंद आचेवर तास न् तास शिजवलेला पाला. तो पाला खाल्ला नाही तो टॅलमनचा नाही, असं माझं मत आहे.

मी पोरगा होतो तेव्हाची गोष्ट. फुटबॉलच्या संघात होतो. आदल्या दिवशी हॅलोवेला लोळवलं होतं, त्यामुळे मी जरा हवेतच होतो. शुक्रवारी थेट रांगेच्या तोंडाशी गेलो आणि ताट पुढे केलं.

"मिस व्हर्लीन, काल मी जिंकवलं शाळेला."

"जिंकवलंस? शाबास माझ्या बाळा," त्या म्हणाल्या. "आता मागे जा."

"पण मिस व्हर्लीन—"

"रांग म्हणजे रांग. उद्या गव्हर्नर आला ना, तर तोही त्या वेण्यावाल्या पोरीच्या मागेच उभा राहील. जा."

सगळी रांग हसली. मी मागे गेलो, आणि माझी पाळी येईपर्यंत मासा संपला. मी पाला-पाव घेऊन कोपऱ्यात तोंड पाडून बसलो होतो. खिडकी बंद झाल्यावर मिस व्हर्लीन बाहेर आल्या, स्वतःच्या ताटातला मासा त्यांनी माझ्या ताटात ठेवला आणि निघून गेल्या. मास्तर कसं असावं हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो, असं कुणी विचारलं तर मला ते ताट आठवतं.

सकाळी वरच्या मजल्यांवरच्या वर्गांना न्याहारी जाते. स्वयंपाकघर इमारतीच्या एका टोकाला, लिफ्ट दुसऱ्या टोकाला आणि मध्ये दर्शनी दालन. मिस व्हर्लीन ट्रॉली ढकलत यायच्या आणि कंदिलाला वळसा घालून पुढे जायच्या. आम्हाला वाटायचं, चाकांनी पितळेवर ओरखडे उठतील म्हणून बाई जपतात. नव्या माणसांना आम्ही कौतुकाने दाखवायचो, बघा, टॅलमनची बाई कंदिलाला कशी जपते. हातात ट्रॉली नसतानाही त्या वळसाच घालत, हे मात्र इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला मोठा बघणारा समजतो.

शाळेला दीडशे वर्षं पुरी झाली त्या साली हे सगळं उघडं पडलं. आमचे मुख्याध्यापक डॉ. व्हिटलॉक दोनच वर्षांपूर्वी कॅन्सस सिटीहून आलेले. माणूस सज्जन, फक्त उत्साह जरा उतू जाणारा. त्यांनी ठरवलं की शाळेत नोकरीला असलेले जेवढे टॅलमनचे माजी विद्यार्थी आहेत, त्यांचा कंदिलावर उभं राहून एक फोटो काढायचा. माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्ष मिस जोसेट रँडल खास जांभळी हॅट घालून आल्या होत्या आणि सगळ्यांना मेंढरांसारखं हाकत होत्या. त्या एकोणसत्तरच्या बॅचच्या, मिस व्हर्लीनच्या वर्गातल्या.

"व्हर्लीन, तू मधे ये. माझ्या शेजारी," मिस जोसेट म्हणाल्या.

"मी इथंच बरी आहे. दे तो फोन, मी काढते फोटो."

"तुला फोन सरळ धरता येतो का? मागच्या वेळी सगळ्यांची मुंडकी उडवलीस. ये म्हणते ना!"

मिस जोसेटनी त्यांचं मनगट धरून ओढायला सुरुवात केली. कंदिलाच्या कडेपर्यंत त्या आल्या. तिथे मात्र त्यांनी पाय असे रोवले की मिस जोसेटची हॅटच वाकडी झाली.

"सोड मला, जोसेट. मी कंदील ओलांडलेला नाही."

मिस जोसेट म्हणाल्या, "काहीतरीच काय! एकोणसत्तरच्या मे महिन्यात आपण सगळ्या—"

"मे महिन्यात तुम्ही सगळ्या पायऱ्या उतरत होता. मी बटाटे सोलत होते."

मग आम्हाला सगळं कळलं. मिस व्हर्लीनची आई याच स्वयंपाकघरात स्वयंपाकीण होती. त्या वर्षी वसंतात ती चुलीपाशीच कोसळली. तिची जागा दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या व्हर्लीनने आईचा एप्रन बांधला, आई बरी होईपर्यंत म्हणून. आई बरी झाली नाही. घरात दोन धाकटे भाऊ होते. व्हर्लीन पोरगी हुशार, शिक्षकांनी तिला बाकीच्या विषयांत तोवरच्या कामावर पास केलं. पण राज्यघटनेची परीक्षा चुकवता येत नाही, आमच्या राज्याचा कायदाच आहे तसा. ती परीक्षा ऐन जेवणाच्या वेळी होती. व्हर्लीनने खिडकीपाशी उभं राहून स्वतःच्याच वर्गमैत्रिणींना वाढलं; त्या परीक्षेला गेल्या आणि ती खालच्या वर्गांना वाढत राहिली.

"पण तू तर म्हणाली होतीस, उन्हाळ्यात देईन परीक्षा!" मिस जोसेटचा आवाज चिरकला. "मला वाटलं, दिलीस."

"उन्हाळ्यात देईन म्हणाले होते. कुठल्या उन्हाळ्यात, ते नव्हते म्हणाले."

बॅचच्या दर मेळाव्याला त्या हजर असायच्या, हे सगळ्यांना आठवत होतं. पण त्या असायच्या स्वयंपाकघरात, हे त्या दिवशी आठवलं. कुणी हायस्कूल विचारलं तर "टॅलमनला असते" म्हणायच्या. टॅलमनची आहे, असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं.

डॉ. व्हिटलॉकना रात्रभर झोप आली नसावी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिस व्हर्लीनना बोलावलं, आणि शाळेचा जुना विद्यार्थी म्हणून मलाही.

"मिस टॉलिव्हर, पन्नास वर्षं तुम्ही या शाळेला जेवू घातलंय," ते भरल्या आवाजात म्हणाले. "यंदा तुम्ही निवृत्त होताय. शाळेतर्फे आम्ही तुम्हाला मानद डिप्लोमा देणार. मोठा समारंभ करू. कंदिलावरून तुम्ही सगळ्यात आधी जायचं."

मिस व्हर्लीननी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांना नीट पाहून घेतलं.

"डॉक्टर, तुम्ही कॅन्सस सिटीचे, म्हणून मी राग धरत नाही. पण टॅलमन कुणाला काही फुकट देत नाही. फुकट देतात ते हॅलोवेला."

"अहो, फुकट कसलं? हा तुमचा मान—"

"मान मला रोज दुपारी मिळतो. मला परीक्षा द्यायचीय. " त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा गस घेतो ना, ती. पोरांच्या बरोबर, त्यांच्याच बाकावर. पास झाले तर ओलांडीन, नाही झाले तर इतकी वर्षं वळसा घातलाय, पुढेही घालीन."

"पुढच्या वर्षी निवांत दिली तर?" मी विचारलं. मला आपला धीर होईना.

"पुढच्या वर्षी मी इथं नसेन. बाहेरून पाहुणी येऊन नाही ओलांडायचा मला. इथली असताना ओलांडायचाय." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि गस, मला जास्तीचं वाढायचं नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

न्याहारी आणि जेवण यांच्या मधल्या तासाला त्या माझ्या वर्गात येऊन बसू लागल्या. एप्रन काढून, जाळी मात्र डोक्यावर तशीच. पुढच्या बाकावर ब्रिएल अंडरवुड नावाची पोरगी होती, तोंडाने चुरुचुरु आणि माझ्या विषयात कच्ची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, कायदा करायला दोन सभागृहं कशाला लागतात? मिस व्हर्लीननी हात वर केला. म्हणाल्या, "एकाने मीठ घातलं की दुसऱ्याने चाखून बघावं म्हणून."

"उत्तर मजेदार आहे," मी म्हटलं, "पण याला मार्क नाहीत."

"कडक आहेस रे," त्या म्हणाल्या, आणि हसणाऱ्या ब्रिएलला मागून टपली मारली.

कडक व्हायचं मला जिवावर येत होतं. आकडे त्यांच्या डोक्यात राहत नव्हते. कितवी घटनादुरुस्ती कशाची, हे त्या आज पाठ करायच्या आणि उद्या विसरायच्या. खिडकीपाशी डाव सराईतासारखा फिरवणारा त्यांचा हात पेन धरलं की अडखळायचा. सगळ्या शाळेला खात्री होती की मिस व्हर्लीन पास होणार. मला नव्हती, आणि त्यांनाही नव्हती.

परीक्षा आली ती नेमकी शुक्रवारी. दोन तासिकांची असते. मध्येच खालच्या वर्गांच्या जेवणाची घंटा होते, पण आम्ही तिकडे लक्ष देत नाही, आमच्या पोरांचं जेवण नंतरच्या पाळीत. मिस व्हर्लीन खाली मान घालून लिहीत होत्या. घंटा झाली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उठून उभ्या राहिल्या.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मिस व्हर्लीन, अजून बराच वेळ आहे. शेवटचं पान राहिलंय तुमचं."

"मासा आहे आज. त्या पोरींना तेलाचा अंदाज नाही."

"एक दिवस खातील पोरं कच्चापक्का!"

"माझ्या खिडकीतून नाही," त्या म्हणाल्या. पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या.

पास व्हायला सत्तर मार्क लागतात. त्यांना अडुसष्ट पडले. मी तो पेपर पुन्हा तपासला, परत एकदा तपासला. दोन मार्क काय, कुठल्याही वाक्याखाली सापडले असते. इतकी वर्षं मास्तरकी केलीय, शोधायचे म्हटलं तर मला दहासुद्धा सापडतात. पण शेवटचं पान कोरं होतं, आणि मला जास्तीचं वाढायचं नव्हतं. मी वर लाल शाईने नापास लिहिलं, आणि मग खुर्चीत बसून रडलो. त्याची मला लाज वाटत नाही.

गावाने मला वाळीत टाकलं म्हणा ना. शिक्षकांच्या खोलीत कुणी माझ्याकडे कॉफी सरकवेना. केस कापायला गेलो तर न्हाव्याने माझ्या मागून आलेल्यांना आधी बसवलं. तोही टॅलमनचा. मिस जोसेटनी फोन करून एवढंच सांगितलं, "गस पेटिग्रू, तुझी आई फार चांगली बाई होती रे." आणि फोन ठेवला. याहून त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉ. व्हिटलॉक म्हणाले, "दोनच मार्क, पेटिग्रू."

"हो, दोनच."

"त्यांच्या हातचं जेवून मोठे झालात तुम्ही."

"म्हणूनच साहेब," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. कॅन्सस सिटीला कळायला वेळ लागतो.

निकाल फळ्यावर आधीच लागला होता. पेपर हातात मिळाले त्या दिवशी दुपारी मी ताट घेऊन रांगेत उभा राहिलो, सगळ्यात शेवटी. पेपर त्यांना सकाळीच मिळाला होता. माझी पाळी आली तेव्हा सगळं भोजनगृह खाणं थांबवून बघत होतं.

"अडुसष्ट," मिस व्हर्लीन म्हणाल्या.

"हो."

"शेवटचं पान कोरं होतं."

"हो, मिस व्हर्लीन."

"कोऱ्या पानाला मार्क देतात का टॅलमनमध्ये?"

"नाही देत."

"मग तोंड का पाडलंयस मेल्यासारखं? ताट पुढे कर." त्यांनी मक्याच्या पावाचा कोपऱ्याचा, खरपूस भाजलेला तुकडा माझ्या ताटात ठेवला. तो तुकडा त्या कुणालाही देत नाहीत. मग मान वर करून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐका रे सगळे! माझ्या गसने मला नापास केलंय. आहे का या गावात दुसरी अशी शाळा?"

मग ब्रिएल ताट बडवायला लागली, आणि तिच्यामागे सगळेच. मला आयुष्यात मानपत्रं मिळाली आहेत दोन-चार, पण असा अभिमान मला तेव्हाच वाटला. शाळेचा, त्या बाईचा आणि थोडा माझाही.

नापास झालेल्यांना डिप्लोम्याच्या दिवसाआधी एकदा पुन्हा बसता येतं. हा नियम सगळ्यांना सारखा. ब्रिएल आणि आणखी काही पोरं नापास होतीच. दुपारी भांडी आवरली की मला एक मोकळा तास असायचा. माझ्या ताटातला तेवढाच घास मला देण्यासारखा होता. मी स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी जाऊन बसायचो, आणि ही सगळी मंडळी भोवती.

"मिस व्हर्लीन," ब्रिएल एकदा जांभई देत म्हणाली, "परत उडालो तर उन्हाळी वर्गाला बसू ना दोघी. काय बिघडतं?"

मिस व्हर्लीननी तिच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं. "उन्हाळ्यात करीन असं मी पण म्हटलं होतं, पोरी. सोळावी घटनादुरुस्ती कशाची, सांग."

फेरपरीक्षेची वेळ आली, तीही शुक्रवारी, जेवणाच्याच तोंडावर. डॉ. व्हिटलॉकनी वेळ बदलू का म्हणून विचारलं. मिस व्हर्लीन म्हणाल्या, बाकीच्यांची बदलणार असाल तर माझी बदला. ते काही जमण्यासारखं नव्हतं, कारण शाळा सुटल्यावर निम्म्या पोरांना कामावर जायचं असतं. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गस, घंटा झाली की माझे पाय आपोआप उठतात रे. मनात नसलं तरी. त्याला मी काय करू?" इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांना घाबरलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

आणि झालंही तसंच. घंटा झाली, पेन खाली गेलं, मिस व्हर्लीन अर्ध्या उठल्या. शेवटचं पान समोर कोरंच. मी काही बोलणार, इतक्यात वर्गाचं दार उघडलं. दारात मिस जोसेट. डोक्यावर तीच जांभळी हॅट, आणि हॅटवरून ताणून बसवलेली केसांची जाळी. त्यांच्या मागे एकोणसत्तरच्या बॅचच्या आठ-दहा बायका, सगळ्या एप्रन बांधून.

"बस खाली!" मिस जोसेट गरजल्या. "आज आमची पाळी आहे."

"मिस जोसेट, परीक्षा चालू आहे," मी म्हणालो.

"तू गप्प बस, दोन मार्कवाल्या."

"जोसेट, तेल फार तापलं की—" मिस व्हर्लीन उभ्यानेच म्हणाल्या.

"जळू दे तेल. आम्ही ताटं पुढे केली, तू वाढलंस, आणि आम्ही परीक्षेला पळालो. तू कुठं आहेस हे एकीनेही मागे वळून बघितलं नाही. आता तू लिही, आम्ही वाढतो. बस म्हणते ना, व्हर्लीन." त्यांनी दार ओढून घेतलं.

मिस व्हर्लीन उभ्याच होत्या. मग हळूच खाली बसल्या. चष्मा काढून एप्रन शोधू लागल्या पुसायला, तर एप्रन अंगावर नव्हता. ब्रिएलने मागे न बघता आपल्या स्वेटरची बाही मागे सरकवली. हे परीक्षेच्या नियमांत बसतं की नाही, हे मी पाहिलं नाही. चष्मा पुसून त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

त्या दिवशीचा मासा बुटाच्या तळव्यासारखा झाला होता आणि पावाचा कोळसा. पोरांनी निमूटपणे खाल्लं. एकाने नाक मुरडलं तर मिस जोसेटनी त्याला दुसरा तुकडा वाढला.

मिस व्हर्लीनना एक्क्याऐंशी पडले. सगळे त्यांचे स्वतःचे. ब्रिएलही सुटली, काठावर.

डिप्लोम्याच्या दिवशी त्या तपकिरी झग्यात आणि चौकोनी टोपीत दालनाच्या कडेला पोरांच्या रांगेत उभ्या होत्या. मिस जोसेट लगबगीने आल्या.

"व्हर्लीन, आपल्या बॅचच्या खुर्च्या पुढे मांडल्यात. तू एकोणसत्तरची. चल, आमच्यात बस."

"मी कुठली एकोणसत्तरची? मी यंदाची," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या म्हाताऱ्या झालात. मी टॅलमनची, यंदाच्या बॅचची."

"बघा हिचा तोरा!" मिस जोसेट म्हणाल्या, आणि हॅट सावरायच्या निमित्ताने डोळे टिपत गेल्या.

आडनावांच्या क्रमाने नावं पुकारतात. टॉलिव्हर आलं तेव्हा बँडसुद्धा थांबल्यासारखा वाटला. मिस व्हर्लीन कंदिलाच्या कडेपर्यंत आल्या आणि थबकल्या. पाय उचलेना. पन्नास वर्षांची सवय होती ती, पाय आपोआप बाजूला वळत होता. मी पलीकडे डिप्लोमे हातात देण्यासाठी उभा होतो. पुढे होऊन त्यांचा हात धरावा असं मला फार वाटलं, पण तेही जास्तीचं वाढणंच झालं असतं.

टॉलिव्हरच्या पाठीमागे अंडरवुड. ब्रिएल मागून म्हणाली, "मिस व्हर्लीन, रांग अडलीये हो. रांग म्हणजे रांग."

मिस व्हर्लीन खळखळून हसल्या. हसता हसताच त्यांनी पाय उचलला आणि कंदिलाच्या बरोबर मधोमध ठेवला.

समारंभानंतर आठवडाभर खालच्या वर्गांची शाळा असते. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा. सोमवारी सकाळी मी कॉफीचा पेला घेऊन दालनात उभा होतो, मुद्दामच. मिस व्हर्लीन न्याहारीची ट्रॉली ढकलत आल्या. अंगात एप्रन, डोक्याला जाळी, रोजच्यासारख्याच. कंदिलापाशी आल्या आणि वळल्या नाहीत. ट्रॉली सरळ कंदिलावर चढवली. दुधाचे खोके थडथडले, चमच्यांचा खणखणाट सगळ्या जिन्यांतून वर गेला, आणि वरच्या मजल्यांवरून पोरं वाकून बघू लागली.

"ओरखडे पडतील, मिस व्हर्लीन!" मी ओरडलो.

"पडू देत," त्या मागे न बघता म्हणाल्या. "माझाच कंदील आहे."

ते ओरखडे पडलेच, चाकांचे, दोन समांतर. कंदिलावर चुकून पाय टाकणारं पोर दर वर्षी एखादं सापडतंच. त्याच्या हातात ब्रश देताना मी सांगतो, सगळा घास, फक्त ते दोन ओरखडे सोडून.